ताग आणि पीएलए: विघटनशील प्लास्टिकला नैसर्गिक तंतूंनी बळकट करण्याची माझी रीत

मी केलेली पहिली ताग-पीएलएची प्लेट तापवून दाबणाऱ्या प्रेसमधून बाहेर आली तेव्हा दिसायला झकास होती. मधासारखा रंग, आत तागाचे तंतू लख्ख दिसत होते. दोन्ही हातांत धरून जरा वाकवली आणि ती बिस्किटासारखी तुटली. तुटलेली कड भिंगाखाली धरली, तर आत बुडबुडेच बुडबुडे. त्याच प्रेसवर, त्याच दिवशी केलेली नुसत्या पीएलएची, म्हणजे तंतू न घातलेल्या विघटनशील प्लास्टिकची, प्लेट तिच्यापेक्षा पुष्कळ मजबूत निघाली. म्हणजे प्लास्टिकला बळ द्यायला घातलेल्या तंतूंनी त्यातलं होतं ते बळही घालवलं होतं. कारण साधं होतं: ताग मी नुसता उन्हात वाळवला होता.

त्यानंतर अशा बऱ्याच प्लेटा केल्या, शिकाऊ मुलामुलींकडून करून घेतल्या, आणि आता खात्रीने सांगते की या कामात प्रेसवर घालवलेली पंधरावीस मिनिटं सगळ्यात सोपी असतात. प्लेट बिघडते ती त्याआधीच्या दोन दिवसांत. म्हणून या लेखात धुणं-वाळवणं सविस्तर आहे आणि यंत्राची माहिती बेताची.

तंतू नेमकं काय करतो

पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल, तसं ताठ प्लास्टिक आहे. त्याची ताणशक्ती, म्हणजे तुटेपर्यंत सोसलेली ओढ, साधारण ५० ते ७० मेगापास्कल आणि ताठपणा, म्हणजे ताणायला होणारा विरोध, ३ ते ३.५ गिगापास्कल. खोट दोन ठिकाणी आहे. एक, ते ठिसूळ आहे. थोडंसं ताणलं की तुटतं. दोन, ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. तागाच्या तंतूचा ताठपणा १० ते ३० गिगापास्कल असतो आणि ताणशक्ती ४०० ते ८०० मेगापास्कल. जवसाचा तंतू याहून सरस. काचतंतूचा ताठपणा ७० गिगापास्कलच्या घरात असला, तरी त्याची घनता घनसेंटिमीटरला २.५ ग्रॅम आणि तागाची १.४ च्या आसपास. वजनाच्या हिशेबात ताग त्यामुळे फार मागे पडत नाही, आणि काच कधी कुजत नाही.

ओढ बसली की प्लास्टिक स्वतः ताणलं जातं आणि तो ताण तंतूच्या पृष्ठभागावरून तंतूकडे सोपवतं. ही सोपवणी जिथे होते ती डोळ्यांना न दिसणारी हद्द, तंतू आणि प्लास्टिक एकमेकांना चिकटतात ती जागा, तिथेच सगळं ठरतं. तिला मी सरळ 'पकड' म्हणते. पकड ढिली असेल तर तंतू कितीही दणकट असो, तो म्यानातून तलवार निघावी तसा सुळकन बाहेर येतो.

तंतूची लांबी किती हवी, हेही पकडीवरच ठरतं. हिशेब असा: तंतूची ताणशक्ती गुणिले त्याचा व्यास, भागिले पकडीच्या कातरशक्तीची (तंतू घसरून सुटेपर्यंत पकड जो ताण सोसते त्याची) दुप्पट. तंतू ५०० मेगापास्कलचा, व्यास ०.०५ मिलिमीटर आणि पकड ५ मेगापास्कलची असेल तर उत्तर येतं २.५ मिलिमीटर. याहून आखूड तंतू तुटेपर्यंत भार घेऊच शकत नाही, त्याआधी निसटतो. पकड दुप्पट केली की हीच मर्यादा सव्वा मिलिमीटरवर येते.

कुठला तंतू, कुठलं प्लास्टिक

पहिल्या प्रयोगाला ताग घ्या. लांब मिळतो, स्वस्त असतो, त्याचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. अंबाडीही तितकीच चालते. पीएलए आणि अंबाडीची जोडी कारखान्यातही वापरली गेली आहे: टोयोटाने २००३ साली राउम या गाडीत जादा चाकाचं आवरण याच मिश्रणाचं बसवलं होतं, आणि एनईसीने २००६ साली एका मोबाइल फोनचं कवच. जवस उत्तम, पण महाग. घायपात चालतो, मात्र त्याचे दोर जाड असतात; ते नीट सुटे करावे लागतात.

काथ्याबद्दल मला दरवेळी विचारतात. काथ्यात लिग्निन, म्हणजे तंतू जोडून धरणारा लाकडी घटक, चाळीस टक्क्यांच्या वर असतं, ताठपणा देणारं सेल्युलोज कमी, आणि त्याचा ताठपणा ४ ते ६ गिगापास्कल. पीएलएपेक्षा जेमतेम वरचढ. ताठपणा वाढवायला काथ्या घालणं मला पटत नाही. पण तो तुटण्याआधी भरपूर ताणला जातो, त्यामुळे धक्के सोसायची वस्तू करायची असेल तर त्याचा विचार जरूर करा.

प्लास्टिक निवडताना दोन प्रश्न विचारा: ते कितीला वितळतं, आणि वापर संपल्यावर कुठे कुजणार आहे? पहिला प्रश्न तंतूच्या जिवाचा आहे. २०० अंशांच्या पुढे तंतूमधलं हेमिसेल्युलोज जळू लागतं, म्हणून त्याखाली वितळणारंच प्लास्टिक हवं. पीएलए १५० ते १७० ला वितळतं. पीबीएस हे दुसरं विघटनशील प्लास्टिक ११५ च्या आसपास, त्यामुळे तंतूला ते फार सोसवतं, पण स्वतः मऊ असतं. पीएचबी, जंतूंनी बनवलेलं प्लास्टिक, १७५ ला वितळतं आणि तापमान थोडं वर गेलं की त्याचे रेणूच तुटायला लागतात. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोक गृहीत धरतात आणि तिथेच फसतात. पीएलए बागेतल्या मातीत किंवा समुद्रात वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. त्याला ५८ ते ६० अंशांचं तापलेलं, ओलं, औद्योगिक कंपोस्ट लागतं. पीएचबी मात्र मातीतही कुजतं आणि समुद्रातही. वस्तू शेवटी मातीतच राहणार असेल, रोपांची कुंडी म्हणा, तर नुसतं 'विघटनशील' हे लेबल बघून पीएलए घेऊ नका.

हिशेब आधी

आपण २०० बाय २०० मिलिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची प्लेट करू. आकारमान १२० घनसेंटिमीटर. तंतू वजनाने ३० टक्के धरा. तागाची घनता १.४ आणि पीएलएची १.२४ घेतली तर मिश्रणाची घनता १.२८ येते. म्हणजे प्लेटचं वजन १५४ ग्रॅम: ताग ४६, पीएलए १०८. साच्याच्या कडेने थोडं वाहून जातं, म्हणून पीएलए दोनतीन ग्रॅम जास्त घ्या.

वजनाने ३० टक्के म्हणजे आकारमानाने साडेसत्तावीस टक्के. ताठपणाचं भाकीत करताना आकारमानाचा आकडा लागतो, वजनाचा नाही. ही गल्लत फार होते. तंतू सपाटीत कसेही पसरले असतील तर त्यांच्या ताठपणाचा साधारण तीन-अष्टमांश भागच कामी येतो. तंतू २० गिगापास्कलचा आणि पीएलए ३.५ चं धरा: तंतूंकडून २ च्या आसपास, प्लास्टिककडून अडीच, मिळून साडेचार गिगापास्कल. तुमची प्लेट चारच्या आत अडकली तर काहीतरी चुकलंय असं समजा. ताणशक्तीबद्दल मी असं भाकीत करत नाही. ताठपणा हमखास वाढतो. ताणशक्ती वाढते ती पकड जमली तरच.

तंतू ४० टक्क्यांवर नेण्याचा मोह आवरा. दोन तंतूंच्या मध्ये प्लास्टिक शिरायला जागा उरली नाही की कोरडे पट्टे राहतात, आणि प्लेट तिथूनच उकलते.

धुणं

कच्च्या तागावर मेण असतं, पेक्टिन असतं, धूळ तर असतेच. पाण्याची ओढ असलेला तंतू आणि पाण्याला दूर ठेवणारं प्लास्टिक मुळात एकमेकांचे सोयरे नाहीत, त्यात मध्ये मेणाचा थर. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तो थर निघतो, हेमिसेल्युलोजचा काही भाग विरघळतो, जुडी सुटी होते आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. प्लास्टिकला धरायला खाचा मिळतात.

एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम कॉस्टिक सोडा. सोडा पाण्यात थोडा थोडा घाला, सोड्यावर पाणी ओतू नका. उकळून अंगावर उडतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय माझ्याकडे कुणालाही हे काम करायला मिळत नाही. भांडं स्टीलचं किंवा प्लास्टिकचं घ्या. ॲल्युमिनिअमचं अजिबात नको, ते विरघळतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. ताग दहा मिलिमीटरच्या आसपास कापा, प्लेटला ४६ ग्रॅम लागणार असला तरी ५० ते ५५ ग्रॅम घ्या, कारण धुण्यात वजन घटतं. दोन तास, साध्या तापमानाला, अधूनमधून हलवत. पाणी चहासारखं तपकिरी होईल, होऊ द्या. जास्त कडक द्रावण केलं किंवा रात्रभर ठेवलं तर तंतूच पोखरला जातो.

मग भरपूर पाण्यात खळबळा. एक टक्का ॲसेटिक आम्लाच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा, आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवा. निथळलेल्या पाण्याला कागद लावून पीएच सातवर आलाय का ते बघा. हा कागद लावायचा मी एकदा आळस केला. तंतूत राहिलेल्या सोड्याने गरम पीएलएच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडल्या आणि प्लेटच्या कडेने वितळलेलं प्लास्टिक पाण्यासारखं पातळ वाहून गेलं. अख्खा घाणा फुकट गेला.

सिलेनची प्रक्रिया, मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पीएलए, हे पुढचे उपाय आहेत आणि चांगले आहेत. पकड आणखी सुधारते. पण सोड्याने धुणं आणि वाळवणं अंगवळणी पडेपर्यंत त्यांच्याकडे वळू नका. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही. आणि मॅलेइक अनहायड्राइड जोडायला पेरॉक्साइड लागतं. जाणकार सोबत नसेल तर ते हाताळू नका.

वाळवणं

इथे घाई करणाऱ्याची प्लेट कधीच चांगली निघत नाही.

पीएलएच्या साखळ्यांमध्ये एस्टर नावाचे दुवे असतात. १८० अंशांवर पाण्याचा रेणू भेटला की दुवा तुटतो. लांब साखळ्या आखूड होतात आणि प्लास्टिक ठिसूळ. म्हणून पीएलएचे दाणे वितळवण्याआधी त्यातलं पाणी ०.०२५ टक्क्यांच्या खाली आणायचं असतं. एका किलोत पाव ग्रॅम. आता तंतूकडे बघा. साध्या हवेत पडलेल्या तागात आठ ते बारा टक्के पाणी असतं. एक किलोच्या मिश्रणात ३०० ग्रॅम ताग, त्यात १० टक्के पाणी, म्हणजे ३० ग्रॅम. चालण्याजोग्या पाव ग्रॅमच्या १२० पट! दाणे कसोशीने वाळवायचे आणि ताग पिशवीतून तसाच टाकायचा, यात काय अर्थ आहे? माझ्या पहिल्या प्लेटमधले बुडबुडे या पाण्याच्या वाफेचे होते, आणि बुडबुड्यांपेक्षा मोठं नुकसान डोळ्यांना न दिसणाऱ्या तुटलेल्या साखळ्यांचं होतं.

ताग आधी हवेवर सुकवा. मग ओव्हनमध्ये १०० अंशांवर, ट्रेमध्ये पातळ पसरून, रात्रभर. निर्वात ओव्हन असेल तर ८० अंश पुरतात. घड्याळावर विसंबू नका, तराजूवर विसंबा: तासाच्या अंतराने दोनदा वजन करा. आकडा हलला नाही तर वाळला. दाणे ८० अंशांवर चार तास. जे पीएलए अजून स्फटिकरूप झालेलं नाही, पारदर्शक दिसतं, ते ८० वर गोळा होऊन चिकटतं. ते ४५ ते ५० अंशांवर जास्त वेळ ठेवा.

वाळलेला ताग ओव्हनमधून काढून टेबलावर ठेवला आणि फोन घ्यायला गेलात, तर परत येईपर्यंत तो हवेतलं पाणी प्यायला लागलेला असतो. गरम असतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि प्रेस तापली की मगच डबा उघडा.

थर आणि प्रेस

आधी दाण्यांच्या पातळ फिल्म करा. टेफ्लॉनच्या दोन पत्र्यांमध्ये १५.५ ग्रॅम दाणे पसरून १८० अंशांवर दाबले की २०० बाय २०० ची, ०.३ मिलिमीटरची फिल्म होते. अशा सात. तागाच्या सहा पातळ चटया, प्रत्येकी साडेसात ते पावणेआठ ग्रॅम. चटई हाताने पिंजूनच पसरते मी. उजेडासमोर धरून बघायचं, कुठे दाट कुठे विरळ ते लगेच दिसतं. फिल्म आणि चटया पुन्हा एकदा ६० अंशांच्या खाली, ५० वर, दोनतीन तास वाळवा.

साच्यात खाली फिल्म, वर चटई, पुन्हा फिल्म. शेवटचा थर फिल्मचाच. तंतू बाहेर उघडा राहिला तर तो पाणी आत नेणारी नळी होतो.

प्रेस १८० अंशांवर. पहिली पाच मिनिटं नुसतं टेकवा, दाब नको. आतल्या थरापर्यंत उष्णता पोचू द्या. मग दोनतीन वेळा दाब देऊन सोडा, अडकलेली हवा निघते. त्यानंतर २ मेगापास्कल दाब पाच मिनिटं. २०० बाय २०० च्या साच्यावर हे साधारण आठ टन होतात; प्रेसच्या घड्याळावर बहुधा टनच लिहिलेले असतात. शेवटी दाब तसाच ठेवून ५० अंशांच्या खाली येईपर्यंत थंड करा. गरम असताना साचा उघडलात तर प्लेट वाकते आणि मधले थर सुटतात. जळकट वास आला किंवा रंग चॉकलेटी झाला तर तापमान दहा अंश उतरवा.

६० अंशांना मऊ पडण्याची खोट तंतूने फारशी जात नाही, हे स्पष्ट सांगते. ती जाते पीएलए स्फटिकरूप झालं तर. थंड करताना १०० ते ११० अंशांवर पंधरावीस मिनिटं थांबा, साचा बंद ठेवूनच. थोडी शंखजिऱ्याची पूड मिसळली असेल तर हे लवकर होतं.

प्रेसऐवजी दोन स्क्रूचा एक्सट्रूडर आणि इंजेक्शन मोल्डिंग वापरणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा: ताग सुरुवातीच्या तोंडातून टाकू नका, प्लास्टिक वितळल्यावर बाजूच्या तोंडातून घाला. स्क्रूमध्ये तंतू तुटतात आणि पुष्कळदा एक मिलिमीटरहूनही आखूड होतात. वरचा लांबीचा हिशेब आठवा.

तपासणी

प्लेट हाती आली की आधी घनता काढा, हवेत आणि पाण्यात वजन करून. हिशेबाने १.२८ यायला हवी. १.२२ आली तर पाचेक टक्के पोकळी आहे. वाळवण्यात किंवा दाबात चूक झाली.

मग पट्ट्या कापून ओढून किंवा वाकवून बघा, किमान पाच पट्ट्या. आयएसओ ५२७ आणि १७८ या प्रमाणित पद्धती. यंत्र नसेल तर दोन टेकूंवर पट्टी ठेवून मध्ये वजन टांगा. नुसत्या पीएलएच्या पट्टीशी तुलना तरी होते. तुटलेली कड भिंगाखाली बघणं मात्र कधीच टाळू नका. लांब, स्वच्छ, उघडे तंतू बाहेर आलेले आणि समोर त्यांच्या रिकाम्या बिळांची रांग दिसली, तर पकड नाही, पुन्हा धुण्याकडे वळा. तंतूंना प्लास्टिकचे कण चिकटलेले आणि टोकं आखूड असतील तर पकड जमली.

एक पट्टी २३ अंशांच्या पाण्यात २४ तास बुडवून वजन घ्या. कापलेल्या कडेने पाणी जास्त शिरतं. वस्तू ओल्यात राहणार असेल तर कडा वितळलेल्या पीएलएने बंद करा.

उरलं कुजणं. २५ मिलिमीटरचे चौकोनी तुकडे, मुरलेलं कंपोस्ट, निम्म्याच्या आसपास ओलावा, ५८ अंशांचा ओव्हन, आणि हवा खेळती. सोबत नुसत्या पीएलएचा तुकडा आणि गाळण कागदाचा तुकडा ठेवा; कागद कुजला नाही तर कंपोस्टच मेलेलं आहे. ५८ अंशांवर पाणी आधी पीएलएच्या साखळ्या तोडतं आणि मग जंतू ते बारीक तुकडे खातात. जे पाणी वाळवताना शत्रू होतं त्याचीच इथे गरज आहे, आणि तंतू ते आत नेतात. तुकडा दिसेनासा झाला म्हणजे कुजला असं मात्र जाहीर करू नका. युरोपच्या ईएन १३४३२ मानकात १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त उरलेलं चालत नाही, आणि त्याशिवाय सहा महिन्यांत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झालेला मोजून दाखवावा लागतो. घरची चाचणी फक्त पहिल्या भागाची चुणूक देते.

दर आठवड्याला एकेक तुकडा काढा, हलक्या हाताने धुवा, वाळवा, वजन लिहा. तुकडे नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत ठेवा आणि क्रमांक स्टीलच्या पत्र्यावर कोरून आत टाका. कागदाची चिठ्ठी लावलीत तर तीही तुकड्यांबरोबर कुजून जाते.